दव पडल्यावर

खोक्यात नऊ बोर्ड होते. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर तीच ओळ : बॅटरी लवकर संपते.

आमच्या कंपनीत शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी यंत्रं बनतात. तळहातावर मावतील एवढी. नाशिक भागातली निर्यातीची द्राक्षं बागेतून पॅकहाउसमध्ये येतात, आधी प्री-कूलिंगला लागतात, मग शून्य अंशाच्या आसपास कोल्ड स्टोरेजमध्ये राहतात, आणि तिथून कंटेनरमध्ये भरून न्हावाशेवा बंदरात जातात. या सगळ्या वाटेवर पेट्यांच्या आजूबाजूचं तापमान दर काही मिनिटांनी टिपायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. आत पेन्सिल सेलच्या आकाराची ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी. आमच्या हिशोबानं ती पाच वर्षं पुरायला हवी. तिकडे ती दीड-दोन महिन्यांत बसत होती.

मी तिथं हार्डवेअर टेक्निशियन आहे. त्या यंत्रांच्या आतले ते सर्किट बोर्ड बेंचवर घेतले, नवीन बॅटरी लावली आणि स्लीप करंट मोजला, म्हणजे यंत्र झोपलेलं असताना बॅटरीतून किती करंट ओढतं ते. १८ मायक्रोअँपिअर. दुसरा बोर्ड, १८. तिसरा, १९. नऊच्या नऊ तंदुरुस्त. शेवटी रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे 'एनएफएफ' लिहिलं. नो फॉल्ट फाउंड.

ही तीन अक्षरं लिहिताना मला आजही बरं वाटत नाही. ज्यानं ती चिठ्ठी बांधली, त्यानं काही उगाच दोरा शोधला नव्हता. त्याच्याकडे काहीतरी घडलं होतं. माझ्याकडे ते घडत नव्हतं, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. पण कागदावर त्याचा अर्थ होतो की तुमची तक्रार खोटी. मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडेही द्राक्षबागा आहेत. छाटणीपासून तोडणीपर्यंत एक घड तयार करायला काय लागतं ते मी घरात बघितलंय. म्हणून ते नऊ बोर्ड पॅक करून परत पाठवताना हात जड झाला होता.

तीन आठवड्यांनी दुसरं खोकं आलं. या वेळी चौदा.

*

लोक विचारतात, टेक्निशियन म्हणजे नक्की काय करतोस? घरच्यांना मी सांगतो, रिपेअरिंग. ते पूर्ण खरं नाही, पण चालतं. डिझाइनवाले नवीन बोर्डाचं स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा काढतात, कोणता भाग कुठं बसेल तो लेआउट करतात, आणि पहिले पाच-दहा बोर्ड बनून आले की ते माझ्या टेबलावर येतात. ते पहिल्यांदा जिवंत करायचे असतात. बेंच सप्लायवर करंट लिमिट अगदी खाली ठेवायची, व्होल्टेज हळूहळू चढवायचं, एक डोळा मीटरवर आणि एक बोर्डावर. एकेक रेल, म्हणजे बोर्डाला वीज पुरवणारी वाट, वर येते. ३.३ आलं, १.८ आलं. फर्मवेअरवाला शेजारी उभा असतो, त्याला घाई असते. मला नसते. टँटलम कपॅसिटर उलटा बसला असेल तर तो जाळ काढून पेटतो, आणि सोबत आजूबाजूचं चार हजारांचं सामान घेऊन जातो.

मग डिझाइनमध्ये चुका निघतात. निघणारच. दोन पिनांची अदलाबदल, विसरलेला रेझिस्टर, नको तिथून गेलेला ट्रॅक. नवीन बोर्ड यायला तीन आठवडे लागतात, काम थांबवता येत नाही. तेव्हा ट्रॅक ब्लेडनं कापायचा आणि केसासारख्या इनॅमल वायरचा जंपर मारायचा. ०४०२ मापाचा रेझिस्टर म्हणजे १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, खसखशीच्या दाण्याएवढा. चिमट्यात जास्त दाबला तर टण्‌कन उडतो आणि परत दिसत नाही. तो पॅडवर ठेवताना मायक्रोस्कोपखाली स्वतःची नाडी दिसते. चिमट्याचं टोक ठोक्याबरोबर हलतं. मग मनगट टेबलावर टेकवायचं, अर्धा श्वास सोडायचा, आणि दोन ठोक्यांच्या मधे तो दाणा खाली ठेवायचा. असल्या कामाच्या आधी मी चहा घेत नाही.

हे मला कोणत्या पुस्तकातून आलं नाही. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकची दोन वर्षं झाली, तिथं पाया मिळाला. पण त्याच्याही आधी, शाळेत असल्यापासून, मी नारायणगावला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसायचो. दुकानाच्या मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. तेव्हा टीव्ही म्हणजे मागे मोठं कुबड असलेला पिक्चर ट्यूबचा डबा. त्याच्या अ‍ॅनोडला वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ तिथं बसून राहतात. अण्णांनी मला पहिल्या दिवशी एकच शिकवलं : उजवा हात कामाला, डावा हात खिशात. दोन्ही हात सेटमध्ये गेले तर करंट छातीतून जातो.

दुसरी गोष्ट त्यांनी कधी शब्दांत सांगितली नाही, पण मी रोज बघायचो. सेट उघडला की ते मीटरला हात लावायचे नाहीत. आधी नुसतं बघायचे. मग वास घ्यायचे. मग उलटा करून सोल्डरिंगच्या बाजूनं टॉर्च तिरका धरून पुन्हा बघायचे. तिरक्या उजेडात ड्राय सोल्डरभोवती, म्हणजे नीट न धरलेल्या जोडाभोवती, बारीक गोल भेग दिसते, सरळ उजेडात ती दिसत नाही. निम्मे सेट मीटर न लावताच दुरुस्त व्हायचे. गिऱ्हाइकालाही ते बराच वेळ प्रश्न विचारायचे. टीव्ही कुठं ठेवलाय, वर फुलदाणी असते का, पावसात बंद पडतो की उन्हाळ्यात. मला तेव्हा वाटायचं, अण्णा वेळ काढतायत.

त्याच वर्षांमध्ये २८ फेब्रुवारीला आम्ही पोरं सायकलवर खोडदला जायचो. विज्ञान दिनाला तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात मोठं प्रदर्शन भरतं, गावोगावच्या शाळा येतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, काही मधल्या भागात जवळजवळ आणि बाकीच्या तीन बाजूंना लांबवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं हे काम जगभर माहीत आहे. माझ्या डोळ्यात मात्र तिथला एक माणूस राहिलाय. निळ्या शर्टातला, बहुतेक तिथला टेक्निशियनच. त्यानं एक उघडलेला अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला होता आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला भिंगातून दाखवत होता. "हात नको लावू, पण नीट बघ," म्हणायचा. रांग लांब होती, तरी त्यानं कुणाला घाई केली नाही. माझी पाळी आली तेव्हा मी भिंग चुकीच्या अंतरावर धरलं होतं. त्यानं माझं कोपर धरून दोन बोटं वर केलं, आणि एकदम सगळं स्पष्ट झालं. सोन्याच्या रंगाच्या पट्ट्या, त्यावर मोहरीएवढे भाग.

ते दोन बोटांचं अंतर मी विसरलेलो नाही.

*

दुसरं खोकं आलं तेव्हा मार्च होता. मी चौदा बोर्ड टेबलावर मांडले आणि मीटर लावलं नाही. चिठ्ठीवर पॅकहाउसचा नंबर होता. तिथं फोन करायचं काम खरं तर सर्व्हिसचं, पण मी साहेबांना विचारून केला. पलीकडे शीतगृहाचा सुपरवायझर होता, बोलायला मोकळा. मी विचारलं, यंत्र कुठं लावलंय? दाराशी. का? आत लावलं तर रेंज येत नाही. मग तो आपणहून म्हणाला, "हंगामात दार सारखं उघडझाप होतं ना भाऊ, बाहेरची गरम हवा आली की त्याच्यावर पाणी सुटतं. मी फडकं ठेवलंय पुसायला."

पाणी सुटतं. मार्चमधलं पुणं कोरडं ठणठणीत असतं. इतकं, की आम्ही मनगटाला ईएसडीचा पट्टा बांधल्याशिवाय बोर्डाला बोट लावत नाही, कारण आपल्या अंगावरची जी स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही तिनं एखादी चिप मरू शकते. त्या कोरड्या एसी लॅबमध्ये मी ओलाव्याचा दोष शोधत होतो.

एक बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कँटीनच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवला. तासाभरानं काढला, मीटरला जोडला आणि शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवलं. आधी बोर्डावर पांढुरकी झाक आली, मग ती विरघळून बारीक थेंब झाले. आकडा हलायला लागला. १८. २५. ६०. मग ४००, आणि मग चढत चढत १.९ मिलिअँपिअर. म्हणजे शंभरपट. वीस मिनिटांत बोर्ड वाळला आणि आकडा परत १८ वर येऊन बसला, जणू काही झालंच नाही. २,४०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी दोन मिलिअँपिअरनं ओढली तर १,२०० तासांत संपते. पन्नास दिवस. चिठ्ठी शब्दशः खरी होती.

कुणी म्हणेल, ओल्या बोर्डावर करंट वाढणारच. म्हणून स्टोअरमधून एक नवाकोरा बोर्ड आणून त्यालाही तसंच केलं. तो चाळीसच्या पुढे गेला नाही.

आता गळती कुठून होतेय ते शोधायचं. बॅटरीच्या रेलवर २३ कपॅसिटर होते, सगळे समांतर, त्यामुळे मीटरला सगळे एकच. सात मिलिवॉटची उष्णता थर्मल कॅमेऱ्यातही दिसण्यासारखी नाही. अशा वेळी जुना रस्ता धरायचा : निम्मे काढायचे. बारा काढले, बोर्ड आयपीएनं, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलनं धुतला, ओव्हनमध्ये वाळवला, फ्रीजर, दव, मीटर. गळती तशीच. म्हणजे उरलेल्या अकरांत. त्यातले सहा काढले. एका फेरीला अर्धा दिवस जायचा. घाई करून चालत नाही, कारण सोल्डरिंगला लागणाऱ्या फ्लक्सचा एक ठिपका राहिला तर तोच ओला होऊन खोटी गळती दाखवतो. तिसऱ्या दिवशी दुपारी एकच उरला. सी ४१. बॅटरीजवळ, बोर्डाच्या अगदी कडेला, १२०६ मापाचा सिरॅमिक कपॅसिटर. तो काढला आणि गळती गेली. दुसऱ्या बोर्डावर थेट सी ४१ काढला. तिथंही गेली. तिसऱ्यावरही.

कपॅसिटर मायक्रोस्कोपखाली धरला तर स्वच्छ. मीटरवर उत्तम. असा भाग बाहेरून काही सांगत नाही, तो कापून बघावा लागतो. बाटलीच्या बुचात अराल्डाइट ओतलं, त्यात सी ४१ कडेवर उभा केला आणि रात्रभर ठेवला. सकाळी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी टाकून घासायला घेतलं. मग ८००, १,२००, २,०००. हे सावकाश करायचं काम आहे, आठाच्या आकड्यात हात फिरवत, दर दोन मिनिटांनी धुऊन बघत. आधी नुसतं तपकिरी चौकोन दिसतो. मग त्यात पुस्तकाच्या पानांच्या कडेसारख्या रेघा दिसायला लागतात. तीन मिलिमीटरच्या त्या खड्यात धातूचे आणि सिरॅमिकचे शेकडो थर असतात. आणि मग दिसली. टर्मिनलच्या पायापासून निघून तिरकी वर गेलेली एक भेग, केसाहून बारीक, थरांना छेदत. कोरडी असताना निरुपद्रवी. ओल आत शिरली की थराथरांमधून करंट झिरपतो.

अशी भेग उष्णतेनं पडत नाही. ती बोर्ड वाकल्यावर पडते. आणि कडेच्या भागाजवळ बोर्ड वाकतो तो पॅनलमधून सुटा करताना.

*

आमचे बोर्ड भोसरीत एका असेंब्लीवाल्याकडे बनतात. सहा बोर्डांचं एक पॅनल येतं, मधे व्ही-कटच्या खाचा. त्या खाचांवर गोल पात्याचं मशीन फिरवून बोर्ड सुटे करायचे असतात. मी गेलो तेव्हा मशीनवर कापड टाकलेलं होतं. पातं बोथट झालेलं, धार लावायला गेलेलं, महिना उलटून गेला तरी आलेलं नव्हतं. टेबलाशी दोन बायका उभ्या होत्या. कंत्राटावरच्या, रोज शेकड्यांनी पॅनलं हातावेगळी करणाऱ्या. त्या पॅनल टेबलाच्या कडेवर धरायच्या आणि चिक्की मोडावी तसं मोडायच्या. कट्‌.

मी त्यांना थांबवलं नाही. थोडा वेळ बघत उभा राहिलो. हात सफाईचे होते. पॅनल प्रत्येक वेळी त्याच जागी टेकत होतं, खाच बरोबर कडेवर येत होती. काम टाळणाऱ्याचे ते हात नव्हते.

मग खिशातलं ते अराल्डाइटचं बूच काढलं आणि त्यांच्याच तपासणीच्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं. म्हटलं, ताई, हे बघा. थोरल्या बाईंनी आधी हात पुसले. डोळा लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "हे आमच्याकडून झालंय?"

मी म्हटलं, मोडताना झालंय.

"दादा, आम्हाला वाटायचं, कट् असा आवाज आला म्हणजे बरोबर तुटलं. हे आत असं होतं, कुणी दाखवलंच नाही."

दुसरी तोवर डोळा लावून बसली होती. ती म्हणाली, "आपल्या हाताला तर कळतसुद्धा नाही गं."

*

आमच्याकडे असा दोष सापडला की व्हाय-व्हाय करतात. का झालं, आणि त्याचं का, असं पाच वेळा विचारायचं. मीटिंगमध्ये फळ्यावर तिसऱ्या 'का'लाच उत्तर आलं : ऑपरेटर मिस्टेक. कार्यवाही : ऑपरेटरला समज देणे. पुष्कळ अहवाल याच ओळीवर संपतात. ती ओळ सोपी आहे, तिच्याखाली सही करायला कुणाला त्रास होत नाही, कारण ज्यांच्यावर ती लिहिली जाते त्या खोलीत नसतात.

मी सहसा मीटिंगमध्ये बोलत नाही. समोर सगळे बी.ई., एम.टेक. झालेले असतात, आणि ते वाईट नाहीत, मला मान देतात. पण बोर्डाच्या कोपऱ्यात डिझाइन करणाऱ्याची आद्याक्षरं छापलेली असतात, टेक्निशियनची नसतात, आणि कुठं थांबायचं हे असल्या गोष्टींतून आपोआप शिकलं जातं. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, अजून दोन 'का' शिल्लक आहेत. त्यांनी हातानं का मोडलं? पातं नव्हतं म्हणून. पातं नसताना लाइन चालू ठेवायला कुणी सांगितलं, ते त्या दोघींनी ठरवलं नव्हतं. आणि पाचवा 'का' आपल्या दारातला आहे. सी ४१ खाचेपासून इतका जवळ का ठेवला, आणि खाचेला काटकोनात का ठेवला? लांब बाजू खाचेला समांतर असती तर बोर्ड वाकताना त्याच्यावर ताण फार कमी आला असता. हा साधा नियम आहे, लेआउटवाल्यांना माहीत असतो, त्या कोपऱ्यात बॅटरीच्या होल्डरमुळे जागा कमी पडली आणि तो राहून गेला.

खोली जरा शांत झाली. आमचे डिझाइनचे सर उठले, स्क्रीनवर लेआउट उघडला, मोठा केला. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "माझंच आहे हे." आणि फळ्यावरची 'ऑपरेटर मिस्टेक' ही ओळ त्यांनी स्वतः पुसली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून जी जागा आहे ती कायमची आहे.

पुढच्या रिव्हिजनमध्ये सी ४१ फिरवून आठ मिलिमीटर आत घेतला. पातं आलं, त्याच्या जोडीला एक जादाचंही आलं, आणि पात्याशिवाय लाइन चालवायची नाही असं कागदावर लिहिलं गेलं. पॅकहाउसला बदली यंत्रं गेली. त्या सुपरवायझरला मी फोन करून सांगितलं की तुमच्या फडक्यामुळे सापडलं. त्याला ते नीट कळलं की नाही कोण जाणे, पण खूश झाला.

*

ते तेवीस बोर्ड मी रजिस्टरमध्ये पुन्हा शोधले. पहिल्या नऊंपुढची 'एनएफएफ' ही अक्षरं एका रेघेनं खोडली, शेजारी दोष लिहिला आणि तारीख टाकली. आमच्याकडे खोडाखोड करायची नसते, पण एका रेघेनं खोडून सही केलेली चालते.

आता पोरं येतात अ‍ॅप्रेंटिस म्हणून, आयटीआय करून. हुशार असतात. आल्या आल्या मीटर उचलतात. मी मीटर ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि त्यांच्या हातात बोर्ड आणि टॉर्च देतो. तिरका धर, म्हणतो. त्यांना वाटत असेल, हे वेळ काढतायत.

अराल्डाइटचं ते बूच मात्र माझ्याकडे नाही. त्या दिवशी भोसरीतून निघताना थोरल्या ताईंनी मागितलं होतं. मी म्हटलं, ठेवा. परवा दुसऱ्या कामानं तिथं जाणं झालं. व्ही-कटच्या मशीनशेजारी खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं ते बूच लटकत होतं, हाताळून हाताळून कडा गुळगुळीत झालेलं. एक नवीन मुलगी लाइनवर आली होती, विशीचीही नसेल. ताईंनी बूच खिळ्यावरून काढून मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि तिला बसवलं.

"दिसतंय?"

"नाही. नुसतं धूसर आहे."

ताईंनी तिचा हात धरून फोकसच्या चाकावर ठेवला. "हळू फिरव. हळू. घाई नाही."

मी दारात थांबलो होतो. मशीन बंदच होतं तोवर.

"आता?"




"थांबा," ती मुलगी म्हणाली, आणि डोळा न काढता चाक अजून थोडं फिरवलं.